नाकातील हरभरा आणि चुकलेली गाडी

प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री घरात जी धांदल उडते, तिच्यात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते घरातील लहान मुलाकडे. मोठी माणसे सामान बांधण्यात, शिदोरी करण्यात आणि घर बंद करून जाण्याच्या तयारीत गुंतलेली असतात. मुलाला उत्साहामुळे झोप येत नाही आणि त्याच्या हाताला कामही नसते. नाकात, कानात किंवा तोंडात एखादी लहानशी वस्तू जाण्याचे प्रसंग पुष्कळदा अशाच वेळी घडतात. बहुतेक वेळा त्यातून काही गंभीर निष्पन्न होत नाही. परंतु जे गंभीर घडते, ते बऱ्याच वेळा त्या वस्तूपेक्षा घरातील मोठ्या माणसांच्या उतावळेपणामुळे घडते. याचा अनुभव गेल्या वर्षी आमच्याच घरी आला. तो सांगून या विषयासंबंधीची आवश्यक माहिती वाचकांपुढे ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरची हकीकत

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी थोरल्या बंधूंचे कुटुंब राहते. त्यांच्या धाकट्या नातवाचे जावळ तुळजापूरला, कुलदेवतेच्या पायाशी काढावयाचे ठरले होते. पहाटे सहाच्या एस. टी.ची आरक्षणे झाली होती. सोलापूरकडील पाहुणेमंडळी परस्पर तुळजापूरला येणार होती. मीही कार्यालयातून रजा काढून गावी गेलो होतो.

घर चार दिवस बंद राहणार म्हणून वहिनींनी ऊन दिलेले हरभरे निवडून डब्यात भरण्यास घेतले होते. थोरला नातू, वय वर्षे चार, शेजारी बसून हरभऱ्यांशी खेळत होता. रात्री नऊच्या सुमारास तो सारखा नाक चोळू लागला. विचारले तर काही सांगेना. रागावणार नाही असे त्याच्या आईने सांगितल्यावर त्याने उजव्या नाकपुडीकडे बोट दाखविले आणि म्हणाला, "हरभरा आत गेला."

त्यानंतरच्या पाव तासात आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्या माणसांनी जे केले, ते सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ते सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ राहणार नाही. पुतण्याने विजेरीच्या उजेडात चिमट्याने हरभरा धरण्याचा प्रयत्न केला. हरभरा गोल व गुळगुळीत. चिमटा निसटला, नाकातून रक्ताचे दोन थेंब आले आणि मघापर्यंत दिसत असलेला हरभरा दिसेनासा झाला. आमच्या वृद्ध मातोश्रींनी तपकिरीची डबी पुढे केली. शिंक आली की हरभरा बाहेर पडेल, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या गृहस्थांनी नाकात तेल सोडण्यास सुचविले. मूल तोवर भीतीने किंचाळू लागले होते.

आमची सूनबाई अंगणवाडीसेविका आहे. तिने मुलाला उचलून कडेवर घेतले आणि म्हणाली, "आजी, तपकीर नको. आता कोणी त्याच्या नाकाला हात लावू नका. आपण दवाखान्यात जाऊ."

तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुलाला आईच्या मांडीवरच बसू दिले. त्यांनी प्रथम तीन प्रश्न विचारले : काय गेले, कोठे गेले आणि केव्हा गेले? एकच हरभरा होता का, तो कोरडा होता की भिजलेला, घरी कोणी काय प्रयत्न केला, हेही त्यांनी विचारले. मग प्रकाश टाकून नाक पाहिले. श्वास मोकळा होता, ताप नव्हता. हरभरा आत सरकला होता आणि नाकातील ओलाव्याने फुगू लागला होता. भेदरलेल्या मुलाशी झटापट करून रात्री तो काढण्यापेक्षा सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून योग्य उपकरणाने काढावा, असा सल्ला त्यांनी दिला.

यावर मी जे बोललो, त्याची आजही खंत वाटते. मी म्हणालो, "डॉक्टर, पहाटेची गाडी आहे. श्वास मोकळा आहे म्हणता, तर वाटेत शिंकेल आणि पडेल. नाही तर सोलापूरला दाखवू." पाहुणे, आरक्षण, माझी मोजकी रजा हे सारे माझ्या डोळ्यांपुढे होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, मूल दिवसभर गाडीत बसणार, झोपणार, धक्के खाणार, खाणार-पिणार. हरभरा मागे घसरून घशात आणि तेथून श्वासनलिकेत गेला, तर त्या वेळी तुम्ही कोणत्या गावाजवळ असाल, हे तुम्हांला आज सांगता येईल का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी आमच्यावाचून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तज्ज्ञांनी मुलाला चादरीत गुंडाळून आईच्या मांडीवर बसविले. एका परिचारिकेने डोके स्थिर धरले. टोकाला काटकोनात वाकविलेली बारीक आकडी हरभऱ्याच्या वरून मागे नेऊन त्यांनी ती अलगद पुढे ओढली. अर्ध्या मिनिटात फुगलेला, साल सुटलेला हरभरा बाहेर पडला. त्यांनी दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कानही तपासले, कारण एक वस्तू घालणारे मूल दुसरीही घालू शकते.

आम्ही एक दिवस उशिरा निघालो. जावळ निर्विघ्न पार पडले. मुहूर्त टळला म्हणून कोणी हळहळले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "देवी एक दिवस थांबली. पोर महत्त्वाचं."

नाकात वस्तू गेल्यावर काय होते?

नाकात किंवा कानात वस्तू घालण्याचे प्रकार प्रामुख्याने दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांत आढळतात. या वयात बोटांना चिमटीत धरण्याचे कौशल्य आलेले असते, जिज्ञासा तीव्र असते आणि परिणामांची जाणीव मात्र नसते. म्हणून हा मुलाचा वात्रटपणा मानू नये. हरभरा, वाटाणा, चिंचोका, ज्वारीचा दाणा, मणी, खडूचा तुकडा, खोडरबराचा तुकडा, कागदाचा बोळा, फोम या त्यांतील नेहमीच्या वस्तू होत. बहुसंख्य मुले उजवा हात वापरतात; त्यामुळे उजव्या नाकपुडीत वस्तू सापडण्याचे प्रमाण अधिक असते.

मणी किंवा खडा नाकात आहे तसाच राहतो. कडधान्याचा दाणा मात्र ओलावा शोषून फुगतो, घट्ट बसतो आणि काढताना त्याचे तुकडे होतात. म्हणून नाकात पाणी सोडणे घातक ठरते. तेल सोडल्याने वस्तू अधिक निसरडी होते, शिवाय ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याची भीती असते. तपकिरीने शिंक येते खरी. परंतु शिंकेपूर्वी मूल खोल श्वास आत घेते आणि त्या ओढीने वस्तू मागे जाऊ शकते. चिमटा, केसांची पिन, काडी यांनी गोल वस्तू धरता येत नाही, ती ढकललीच जाते. नाकाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्त आल्यावर डॉक्टरांनाही नीट दिसत नाही, आणि एकदा दुखावलेले मूल दुसऱ्यांदा कोणाला जवळ येऊ देत नाही. पहिला प्रयत्न हा सर्वांत यशस्वी होण्याजोगा असतो. तो अकुशल हाताने वाया घालवू नये, हे तत्त्व यावरून स्पष्ट होईल.

मूल समजूतदार असेल आणि त्याला नाक शिंकरता येत असेल, तर मोकळी नाकपुडी बोटाने दाबून, तोंडाने श्वास घेऊन, वस्तू असलेल्या नाकपुडीतून जोराने शिंकरण्यास सांगावे. एवढा प्रयत्न घरी करण्यास हरकत नाही. लहान मुलांसाठी डॉक्टर कधी कधी एक साधी युक्ती आईकडून करवून घेतात. आई मुलाची मोकळी नाकपुडी बोटाने दाबते, त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट लावते आणि एक छोटी, जोरकस फुंकर मारते. घशामागून आलेली हवा दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडताना वस्तूला पुढे लोटते. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील व्लादिमीर क्टिबोर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सुमारे ६० टक्के मुलांत ती यशस्वी झाल्याचे दिसून आले. मुलाला ती आईच्या पाप्यासारखीच वाटते, म्हणून ते घाबरत नाही. मात्र ही पद्धत डॉक्टरांनी वस्तू पाहिल्यावर व त्यांच्या देखरेखीखालीच करणे इष्ट.

अनेकदा मूल भीतीने काहीच सांगत नाही आणि आठवडे निघून जातात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, कधी रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर ती साधी सर्दी समजू नये. सर्दी सामान्यतः दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. वर्गातील एखाद्या मुलाच्या नाकाला एकाच बाजूने दुर्गंधी येत असल्याचे प्रथम लक्षात येते ते शिक्षकांच्या. त्याला मागच्या बाकावर बसविण्याऐवजी पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठविणे, ही त्या मुलाची मोठी सेवा ठरेल. अशी वस्तू वर्षानुवर्षे राहिली, तर तिच्याभोवती क्षारांचे थर बसून नाकात खडा तयार झाल्याचीही उदाहरणे वैद्यकशास्त्रास ठाऊक आहेत.

कानासंबंधी

कानात गेलेला खडा किंवा मणी श्वासाला अडथळा करीत नाही, त्यामुळे तो काढण्यास एक दिवस लागला तरी सहसा बिघडत नाही. धोका असतो तो काडी घालण्याचा. कानाची नळी सरळ नसते. तिच्या अरुंद भागापलीकडे ढकललेली वस्तू पडद्यावर जाऊन टेकते आणि पडदा फाटण्याचा संभव निर्माण होतो. कानातही कडधान्य गेले असल्यास पाणी सोडू नये.

याला एक अपवाद आहे. कानात जिवंत किडा शिरला, तर त्याच्या फडफडण्याने मुलाला असह्य वेदना होतात. कान फुटलेला नसेल व त्यातून पू येत नसेल, तर खोबरेल किंवा खाण्याच्या तेलाचे काही थेंब कानात सोडावेत. किडा गुदमरून मरतो आणि वेदना थांबतात. तो बाहेर काढण्याचे काम मात्र डॉक्टरांवर सोपवावे.

काय, कोठे, केव्हा?

त्या रात्री वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलेले तीन प्रश्न प्रत्येक पालकाने व शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. हाती किती वेळ आहे, हे त्यांच्या उत्तरांवरून ठरते. काही प्रसंगी एक दिवस असतो, काही प्रसंगी तासच असतात आणि काही प्रसंगी केवळ मिनिटे.

जेथे मिनिटांचाच हिशेब असतो, तो प्रसंग म्हणजे श्वासनलिकेत वस्तू अडकणे. तीन वर्षांखालील मुलांना दाढा पुरेशा आलेल्या नसतात. त्यांना शेंगदाणा नीट चावता येत नाही. हसताना, रडताना किंवा धावताना तो श्वासाबरोबर आत ओढला जातो. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला हाच त्या वेळी उत्तम उपाय होय. पण आवाज निघेनासा झाला, खोकला क्षीण झाला किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर क्षणाचाही विलंब करू नये. एक वर्षाखालील बालकाला आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. वस्तू न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा द्याव्यात. मग मागून कवेत घेऊन बेंबी व छातीचे हाड यांच्यामधल्या भागावर मुठीने आत-वर असे पाच झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब व कृत्रिम श्वास देण्यास प्रारंभ करावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालून चाचपू नये; ती आणखी खाली जाते. एक वर्षाखालील बालकाच्या पोटावर झटके देऊ नयेत.

या संदर्भात एका फसव्या अवस्थेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शेंगदाणा खाताना मूल एकाएकी गुदमरते, खूप खोकते आणि थोड्या वेळाने शांत होते. घरच्यांना वाटते, संकट टळले. वस्तुतः दाणा श्वासनलिकेतून पुढे जाऊन एखाद्या शाखेत, बहुधा अधिक रुंद व सरळ असलेल्या उजव्या शाखेत, जाऊन बसलेला असू शकतो. पुढे काही दिवसांनी ताप, खोकला, घरघर सुरू होते आणि दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधे चालू राहतात. म्हणून खाताना ठसका लागून गुदमरल्याची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा वेळी क्ष-किरण तपासणीत शेंगदाणा दिसत नाही. दुर्बिणीने श्वासमार्ग तपासावा लागतो.

तासांचा हिशेब असतो तो घड्याळात, रिमोटमध्ये, बोलक्या खेळण्यांत व दिव्याच्या शोभिवंत वस्तूंत असणाऱ्या चपट्या, गोल बटन सेलच्या बाबतीत. हा सेल ओल्या त्वचेला चिकटला की त्यातून विद्युतप्रवाह वाहू लागतो व त्या जागी दाहक क्षार तयार होतो. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो. नाकात राहिल्यास दोन नाकपुड्यांमधील पडद्याला छिद्र पडू शकते. निकामी म्हणून टाकलेल्या सेलमध्येही एवढी शक्ती शिल्लक असते. मुलाने नाणे गिळले असे वाटत असताना तो सेल निघाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून गिळलेली वस्तू कोणती याची खात्री नसल्यास सेल समजूनच त्वरित मोठ्या रुग्णालयात जावे व क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. उलटी करवू नये. वस्तू खाली जावी म्हणून केळी किंवा भाताचे गोळे भरविण्याचा प्रघातही सोडून द्यावा. शक्तिशाली लोहचुंबकाच्या छोट्या गोळ्यांबाबत असाच धोका आहे. दोन गोळ्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींकडे ओढल्या जातात आणि मधल्या भागाला छिद्र पडते.

मणी, खडा, दाणा अशी वस्तू नाकात असून श्वास मोकळा असेल, तर त्याच दिवशी वा दुसऱ्या सकाळी ती तज्ज्ञांकडून काढून घ्यावी. तोपर्यंत मुलाला शांत ठेवावे आणि लांबचा प्रवास पुढे ढकलावा. आमच्या घरचा प्रसंग या वर्गातला होता. वेळ होता, पण तो प्रवासात घालविण्यासाठी नव्हता.

एका डॉक्टरांचा संग्रह आणि कायदे

श्वासनलिकेतील वस्तू दुर्बिणीद्वारे काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जर्मनीत गुस्टाव किलियान यांनी १८९७ मध्ये केली. या विद्येला पुढे पूर्णत्व दिले ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन (१८६५-१९५८) यांनी. त्यांनी रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून व श्वासमार्गातून निघालेली प्रत्येक वस्तू जतन केली. पिना, टाचण्या, नाणी, बिया, गुंड्या, खेळण्यांचे भाग अशा २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह त्याच शहरातील म्यूटर संग्रहालयात आहे. संग्रहामागे त्यांची दृष्टी शिक्षकाची होती. घरातील कोणती वस्तू मुलांच्या जिवावर उठते, हे लोकांना व डॉक्टरांना दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. धुण्याचा दाहक क्षार पिऊन अन्ननलिका जळालेली मुले त्यांच्याकडे येत. अशा पदार्थांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापलेली असावी, यासाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला.

आपल्या देशातही खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला व तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सुटे होऊ शकणारे बारीक भाग नसावेत, असे मानक सांगते. अशा भागांची चाचणी घेण्यासाठी ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच, व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्णपणे मावते, ती लहान मुलाच्या दृष्टीने धोकादायक समजली जाते. सव्वा इंच व्यासाची पुठ्ठ्याची छोटी नळी करून ही परीक्षा कोणत्याही घरात किंवा अंगणवाडीत घेता येईल. जत्रेत व आठवडी बाजारात सुटी खेळणी घेताना, विशेषतः त्यांतील सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसविलेले आहे की बोटाने उघडते, हे अवश्य पाहावे.

शाळा, अंगणवाडी व पंचायत

अशा अपघातांचा प्रतिबंध खर्चिक नाही. त्यासाठी थोडी योजना मात्र हवी. अंगणवाडीत व बालवाडीत अक्षर-अंक शिकविण्यासाठी चिंचोके, मणी, बिया यांचा उपयोग करतात. ही पद्धत चांगलीच आहे. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या आकाराचे ठोकळे, नारळाच्या करवंट्या किंवा बाटल्यांची मोठी झाकणे वापरावीत. आणि बियांचा खेळ घ्यावयाचा झाल्यास तो सेविकेच्या नजरेखाली, मोजून देऊन व मोजून परत घेऊन घ्यावा. मुलांना शेंगदाणे द्यावयाचे तर ते कूट करून द्यावेत. अख्खे दाणे, फुटाणे व कठीण गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत टाळाव्यात. खाताना मुलांनी बसून खावे, हा नियम घरीही पाळला जावा.

दुसरी गोष्ट माहितीची. ग्रामीण भागात सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे मानक आहे. परंतु रात्री नऊ वाजता नाकात दाणा गेलेल्या मुलाच्या बापाला या आकड्यांचा उपयोग नसतो. जवळ कोणते रुग्णालय रात्री उघडे असते, कान-नाक-घसा तज्ज्ञ कोठे व कोणत्या वारी भेटतात, दुर्बिणीने श्वासमार्ग तपासण्याची सोय असलेले रुग्णालय कोणत्या शहरात आहे, एवढेच त्याला हवे असते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून ही माहिती घेऊन ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या व अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घ्यावी आणि दर वर्षी तपासून दुरुस्त करावी. महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेचा क्रमांक त्याच फलकावर असावा.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. गुदमरलेल्या मुलाला थापा व दाब कसा द्यावा, हे वाचून पुरते येत नाही. बाहुलीवर हात चालवून ते शिकावे लागते. आरोग्य व पोषण दिनी किंवा पालकसभेत अर्धा तास यासाठी काढता येईल. आशा कार्यकर्ती, सेविका, शिक्षक व एस. टी.चे वाहक यांना हे कौशल्य अवगत असणे विशेष उपयुक्त होय.

शेवटची गोष्ट मुलाला न रागावण्याची. आमच्या नातवाने रागावणार नाही असे आश्वासन मिळाल्यावरच तोंड उघडले. ते मिळाले नसते, तर तो हरभरा नाकात घेऊनच पहाटे गाडीत चढला असता आणि आम्हांला कळलेही नसते. ज्या घरात मूल आपली चूक निर्भयपणे सांगू शकते, त्या घरात अपघात वेळीच कळतो.

प्रवास, लग्नकार्य, परीक्षा, बाजार यांपैकी काही ना काही नेहमीच आपल्यापुढे उभे असते, आणि "एवढ्याशा कारणासाठी" ते मोडणे मनाला पटत नाही. एवढेसे कारण खरोखर एवढेसेच आहे का, हे ठरविण्याचा अधिकार मात्र वेळापत्रकाला नाही. तो वैद्यकीय तपासणीला आहे. आमची आरक्षणे रद्द झाली, पाहुण्यांना एक मुक्काम अधिक घडला, माझी एक रजा वाढली. या बदल्यात चार वर्षांचा तो मुलगा तुळजापूरच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढला. हरभरे आता वहिनी उंच फडताळात ठेवतात.